अमेरिकेत कॉलेजसाठी मिळालेली सरकारी आर्थिक मदत राहण्या-जेवण्यासाठी वापरता येते का?

हो, येते. मात्र विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ही केंद्रीय मदत मिळत नाही.

मदत ठरवताना कॉलेज वर्षाचा जो अंदाजी खर्च धरतं, त्यात फीबरोबर घरभाडं, जेवण, पुस्तकं, प्रवासही असतो. पैसे आधी कॉलेजकडे जातात, फी वळती होते आणि उरलेली रक्कम १४ दिवसांत तुम्हाला मिळते. म्हणून पहिल्या महिन्याच्या भाड्याची सोय आधीच करून ठेवा. खरी ओढाताण तिथेच होते.

हाती आलेल्या रकमेत कर्ज किती नि अनुदान किती, हे नक्की बघा. नको असलेलं कर्ज १२० दिवसांच्या आत परत केलं तर त्यावर व्याज लागत नाही. अनुदानातून भाडं भरलंत तर तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते.