धबधबे करून नदीकाठी उतरणार असाल, तर आधी खालच्या पुलाचं विचारा

तुमचा बेत मला समजला तो असा: सकाळी साडेनऊला वरच्या फाटकातून जंगलात शिरायचं, तिन्ही धबधबे करायचे, उतरत उतरत नदीवरचा पायपूल ओलांडून पलीकडच्या उद्यानात पोचायचं. गाडी आदल्या दिवशीच तिथे लावून ठेवायची. १४ किलोमीटर, ५०० मीटरचा उतार, सोबत दोन मुलं आणि सासरे. ऑफिसात फोन केलात तर 'सगळं चालू आहे, या' असं उत्तर मिळालं. आता प्रश्न उरलाय तो फक्त बुटांचा.

बुटांचं सांगतो शेवटी. आधी त्या 'सगळं चालू आहे'चं बघू. कारण याच उत्तरावर विसंबून आमची जी वरात निघाली होती, ती मी अजून विसरलेलो नाही.

आमचाही मार्ग असाच होता, वरून खाली. धबधबे झाले, उतार झाला, ऊन कलायला लागलं तसे पायपुलाशी आलो. पुलाच्या तोंडाला जाळीचं दार, दाराला साखळी आणि साखळीला कोरं करकरीत कुलूप. शेजारी पत्र्याचा बोर्ड तारेनं बांधलेला, पण त्याची पाठ आमच्याकडे. एकानं जाळीतून हात घालून मोबाईलवर फोटो काढला तेव्हा वाचता आलं: पूल दुरुस्तीसाठी बंद. म्हणजे सूचना रीतसर लावलेली होती. फक्त ती उद्यानातून जंगलात जाणाऱ्यांसाठी होती. जंगलातून उद्यानात कुणी येत असेल, हे बोर्ड लावणाऱ्याच्या गावीही नव्हतं. पलीकडे मुलं झोपाळ्यांवर खेळत होती, आमची गाडी दिसत होती, आणि आम्ही अलीकडे.

उतरलो तेवढं सगळं परत चढून गेलो, निम्मं अंधारात. वर पोचल्यावर पहारेकऱ्यानं आम्हालाच झापलं, की एवढा उशीर कशाला करता!

नंतर विचारायला गेलो तर फोनवर बोललेल्या बाई म्हणाल्या, "मी चालूच म्हणाले ना? धबधब्यांची वाट चालूच होती." बरोबर आहे, होती. पूल? "पूल आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतो? उद्यानवाल्यांकडे. उद्यानवाल्यांनी सांगितलं, जंगलातून येणाऱ्यांची आमच्याकडे नोंदच नसते, आम्ही कळवणार कुणाला? आणि पुलाचं काम म्हणाल तर ते तिसऱ्याच खात्याचं. लेखी तक्रार दिली. तिला उत्तर आलं की आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. संबंधित विभाग कोणता, हे त्या पत्रातही नव्हतं. असो. रक्तदाब वाढतो, पुढे जातो.

सांगायचा मुद्दा हा की जंगल एका खात्याचं, उद्यान दुसऱ्याचं आणि मधला पूल तिसऱ्याचा, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. तुम्ही फोन कराल तो माणूस त्याच्या तुकड्यापुरतं खरं बोलतो. म्हणून 'चालू आहे का' असं विचारूच नका. 'आम्ही अमुक फाटकातून आत जाऊन तमुक फाटकातून बाहेर पडणार आहोत, मधला पूल आज उघडा आहे का, आणि खालचं फाटक किती वाजता लावतात' असं विचारा, आणि दोन्हीकडे विचारा. फोनवरच्या माणसानं 'बघून सांगतो' म्हटलं तर ते चांगलं लक्षण समजा. विचारल्याविचारल्या 'हो हो' म्हणणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. वरती जंगलात धरण असेल तर पाणी कधी सोडतात हेही विचारून घ्या. त्याचा तुमच्याकडच्या आभाळाशी काही संबंध नसतो.

आता कुणीतरी म्हणेल, पूल बंद तर बंद, पाण्यातून गेलं असतं. आमच्यातही दोघं पँटी दुमडून तयार होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. उद्यानापाशी नदी पसरट आणि संथ दिसते, आणि तिथेच माणूस फसतो. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेलात की पाय रोवून उभं राहणं अवघड होतं, मुलांचं तर त्याच्या बरंच आधी. पण माणसं नुसती वाहून जातात असंही नाही. तळच्या दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकतं, मागून पाणी रेटतं, माणूस पुढे तोंडावर पडतो आणि त्याच रेट्यामुळे त्याला उठता येत नाही. मांडीएवढ्या पाण्यात चांगले पोहणारे असेच गेलेले आहेत. वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल आणि जोरकस असतं, ते आतल्या उथळ काठावर उभं राहून कळत नाही. खरंच ओलांडायची वेळ आली तर सॅकचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवतात, तोंड प्रवाहाकडे करून काठीच्या आधारानं आडवं सरकतात, वगैरे. पण हे वाचून करायचं काम नाही. मी गाईड नाही, बचाव पथकातलाही नाही. माहीतगार माणूस सोबत नसेल तर माझं उत्तर एकच: परत फिरा, रात्र झाली तरी परत फिरा.

यावर सोपा उपाय मात्र आहे आणि तो मी हट्टानं सांगतो. उलटं जा. सकाळी उद्यानातून सुरुवात करा, पूल पहिल्या अर्ध्या तासातच ओलांडा, मग चढत चढत धबधबे करा आणि वरच्या फाटकातून बाहेर पडा. पूल बंद निघाला तर मुलं नदीकाठी खेळतील, दिवस फुकट जाणार नाही. शंका असलेली जागा सकाळी, ताज्या पायांनी आणि भरपूर उजेडात गाठायची. वरचं फाटकही कधी लावतात ते अर्थातच विचारून ठेवा.

चढाचं म्हणाल तर हिशेब करून बघा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा ठोकताळा आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे १४ किलोमीटर म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. ५०० मीटर चढाचे वर ५० मिनिटं. तेवढा वेळ जास्त गेला तर गेला. सासऱ्यांचे गुडघेही दुवा देतील, कारण गुडघ्यांची वाट लागते ती उतरताना.

पण हा ठोकताळा सुक्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मुलं आणि ओले दगड असतील तर मी सरळ दुप्पट धरतो. तुमच्या मूळ बेताचे साडेपाच तास होतात. त्यात धबधब्यांवरचे, खाण्याचे आणि फोटोंचे किमान अडीच तास मिळवा. साडेनऊला निघून साडेपाच वाजले. उद्यान सहाला बंद होतं असं तुम्हीच लिहिलंय. एखादा पाय मुरगळला की ती अर्ध्या तासाची शिल्लक संपली. तेव्हा उलटं जा किंवा सरळ जा, पण सातला निघा.

धबधब्यांबद्दल फार लिहीत नाही, ते बघायलाच तर चाललाय. कड्याच्या थेट खाली मात्र उभं राहू नका. वरचा थर टणक आणि खालचा मऊ असेल तर पाणी मऊ थर आतून कोरत जातं, वरचा टणक ओठ अधांतरी राहतो आणि कधीतरी तुटून पडतो. धबधबा मागे सरकत जातो तो असाच, आणि खालचे ते मोठाले धोंडे वरूनच आलेले असतात. डोह सगळ्यात खोल असतो तो पाणी पडतं त्याच जागी. तिथलं पांढरं फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असल्यामुळे त्यात माणूस नेहमीसारखा तरंगतही नाही. पोहता येतं म्हणून डोहात उतरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज बदलला तर सामान गोळा करत बसू नका. आधी उंचावर जा. पाऊस वरच्या खोऱ्यात पडत असतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतं. आणि धबधब्याजवळ हाका ऐकू येत नाहीत, म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा, हा डोंगरातला मदतीचा संकेत. काही देशांत तीनचा चालतो. घरी एकदा वाजवून घ्या, मुलांना हौस असतेच.

मोबाईल विमान मोडवर ठेवा. जंगलात तो रेंज शोधून शोधूनच बॅटरी संपवतो. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशा मात्र घरूनच उतरवून न्या. आणि विजेरी माणशी एक. मोबाईलची बत्ती ही विजेरी नव्हे, यावर वाद घालायचा असेल तर खुशाल घाला.

हां, बूट. तळ मऊ रबराचा, खाचा खोल आणि बूट आधी वापरलेला, एवढं बघा. 'वॉटरप्रूफ'च्या नादी लागू नका, वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. त्यापेक्षा पाणी निथळून जाईल असे जाळीचे बरे, आणि लोकरीच्या किंवा सिंथेटिक मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. सुती मोजे नकोत. शेवाळलेल्या दगडावर मात्र जगातला कुठलाही बूट घसरतो. मुलांना काळ्या चकचकीत दगडांवर पाय ठेवू देऊ नका.

आणि गाडीची किल्ली. उलटं जायचं ठरलं तर गाडी आदल्या दिवशी वरच्या फाटकाशी लावावी लागेल. किल्ली अशा माणसाच्या खिशात द्या जो काहीही झालं तरी शेवटपर्यंत येणारच आहे. सासरे पहिल्या धबधब्यापासून कुणाला तरी घेऊन परत फिरले आणि किल्ली त्यांच्याकडेच राहिली, तर मात्र मला फोन करू नका.