निवृत्तीनंतर कोकण किनाऱ्यावर फिरायला जुनी लाकूड-फायबरची ट्रॉलर यॉट घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात, पुढच्या वर्षी निवृत्ती, आणि ओळखीतून एक ३६ फुटी ट्रॉलर यॉट, म्हणजे मच्छीमार बोटीच्या अंगाची पण राहायची सोय असलेली बोट, मिळतेय. कुणीतरी हौसेनं ऑर्डर देऊन बांधून घेतलेली, अंग लाकडाचं, वरून फायबर. घ्यावी का, घेताना काय बघावं, आणि जमलं तर कोयनेच्या बॅकवॉटरला आणून ठेवता येईल का?

शेवटचं आधी सांगतो, कारण त्याला वेळ लागत नाही. नाही येणार. ३६ फुटी ट्रॉलरची रुंदी बारा-तेरा फूट, म्हणजे चार मीटरच्या आसपास. रस्त्यावरच्या मालवाहू गाडीला रुंदीची मर्यादा २.६ मीटर. जादा मापाच्या मालाची परवानगी काढली तरी कुंभार्ली घाटातल्या वळणावर ट्रेलर, बोट आणि मागे चिपळूणपर्यंत लागलेली एसट्यांची रांग मला आत्ताच दिसते. चढवलीच वर, तरी शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, दिवाळीत काठोकाठ आणि मे महिन्यात कितीतरी खाली. चार फूट पाणी लागणारी बोट उन्हाळ्यात बामणोलीच्या चिखलात कुशीवर पडेल. शिवाय तिथे धरण जलसंपदाचं आणि काठ अभयारण्याचा. दोन्ही खात्यांना विचारल्याशिवाय खासगी इंजिनाची बोट फिरवायची नसते. तापोळ्याला आठवण आली की लाँचमध्ये बसून या, स्वस्त पडेल.

म्हणजे बोट समुद्रावरच राहणार. आता खरा प्रश्न.

मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत माझं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. टाक्या, शेड, कूलिंग टॉवरचे भाग असली कामं. मॅट, रेझिन, हार्डनर यांच्या वासात निम्मं आयुष्य गेलं. आणि तरीही काही वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या माझ्या मेव्हण्याबरोबर निम्म्या-निम्म्या पैशात घेतलेल्या अशाच एका २८ फुटी बोटीत मी सपशेल फसलो. फायबरवाला असूनही नव्हे, फायबरवाला होतो म्हणूनच. वरचं काम इतकं सुबक होतं की मी त्यावरच भाळलो. हात फिरवला, उन्हात तिरकं बघितलं, कुठे लाट नाही, टाचणीएवढं भोक नाही. मेव्हण्याला म्हटलं, हे काम करणारा माणूस माझ्याकडे असता तर मी दुसरी शेड टाकली असती.

दोन महिन्यांनी केबिनच्या खिडकीखालचा एक स्क्रू ढिला वाटला म्हणून काढला. स्क्रू फिरवायला जोरच लागला नाही. भोकातून चहाच्या रंगाचा एक थेंब आला, मग दुसरा, मग धार लागली. वास भिजून सडलेल्या गोणपाटाचा. भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तो मुठीपर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच, ओला भुसा होता आणि त्याला फायबरच्या दोन पापुद्र्यांनी बोटीचा आकार दिला होता.

असं का होतं, ते समजून घ्या. तुमचा सगळा सौदा एवढ्यावरच ठरणार आहे.

लाकूड आणि फायबर या जोडीच्या बोटी दोन प्रकारच्या असतात आणि विकणारा दोन्हींना एकच नाव देतो. पहिल्या प्रकारात बोट पहिल्यापासूनच तशी आखलेली असते. मरीन प्लायवूड किंवा लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक इपॉक्सीनं (लाकडाला घट्ट धरणारं महागडं रेझिन) चिकटवायच्या, प्रत्येक कड, प्रत्येक भोक इपॉक्सीनं बंद करायचं आणि वरून काचेचं कापड. यात लाकूड कोरडं राहतं, हलत नाही, आणि नीट बांधलेली अशी बोट फार टिकते. दुसऱ्या प्रकारात बोट असते जुनी फळ्यांची. वीस वर्षं पाण्यात काढली, फटींतून पाणी यायला लागलं, मग कुणीतरी सुचवलं की वरून फायबर मारून टाकू. ते मारलेलं असतं बहुतेक पॉलिस्टर रेझिननं, कारण इपॉक्सीचा भाव ऐकून गिऱ्हाईक पळतं. पॉलिस्टर सुकताना आक्रसतं आणि लाकडाला त्याची पकड बेताचीच. खालची फळी ओल धरली की आडव्या अंगानं फुगते, वाळली की बसते. वरचं फायबर काही तिच्याबरोबर फुगत-बसत नाही. दोघांचा संसार दोन-तीन पावसाळे चालतो, मग मधे पोकळी होते आणि त्या पोकळीत पाणी शिरतं.

पूर्वी फळ्यांची बोट गळायची तेव्हा ती वाळायचीही. आता वाळायला वाटच नाही. आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तोंड लिंपून बंद केलेली. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत ओल जायचीच नाही. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांत शिरलं. जे बंद तोंड इतकी वर्षं हळद राखत होतं, त्यानंच मग पाणीही राखलं. लाकडावरच्या फायबरचं अगदी हेच आहे.

त्यात एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: लाकूड कुजवतं ते मुख्यतः पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी फारशी रुजत नाही. समुद्राच्या पाण्यात भीती टेरेडोची, लाकडात बोगदे करत जाणाऱ्या अळीसारख्या प्राण्याची, आणि तो पाण्याखाली जिथे फायबर खरवडलं गेलंय तिथून शिरतो. म्हणून बोट बघताना लोक वाकून बूड बघतात, आणि सड असते वर: खिडक्यांचे कोपरे, डेक आणि केबिनचा सांधा, रेलिंगचे पाय, नांगराचं यंत्र जिथे बसवलंय ती जागा. जिथे जिथे स्क्रू डेकच्या आरपार गेलाय, तिथे तिथे संशय घ्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या सांगलीच्या पाचशे-सहाशेवर जाऊन अंदाज बांधू नका. डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूनं बसवल्या असतील तर दिसायला फार देखणं, पण प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक हे विसरू नका.

तपासायचं कसं? लाकडी किंवा प्लास्टिकची छोटी हातोडी घ्या आणि वीत-वीतभर अंतरावर ठोकत चला, सगळी बोट. कलिंगडवाला जसा कान लावतो तसा लावा. चांगल्या जागी टणक, वर उडी मारणारा आवाज येतो. सुटलेल्या किंवा सडलेल्या जागी ‘थप’ असा मेलेला. खडूनं गोल करत जा. तासाभरात बोटीचा नकाशाच तयार होतो. ओल मोजायचं मीटरही मिळतं. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल म्हणजे सडायला निमंत्रण. पंधराच्या आत असेल तर शांत बसा. पण मीटर फायबरवरून, रंगावरून फसतं, म्हणून दोन-चार ठिकाणी स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. बाहेरून ओळीनं, सारख्या अंतरावर तांबूस ठिपके दिसले तर आतल्या बरगड्यांना मारलेले लोखंडी खिळे गंजलेत असं समजा. स्टेनलेसवरही आंधळा भरवसा नको. ओल्या लाकडात हवा न मिळता अडकलेलं स्टेनलेस आतून खात जातं.

आणि मालकाला एकच प्रश्न विचारा: फायबर बोट बांधताना लावलं की नंतर? बांधतानाचे फोटो असतील तर तो आनंदानं दाखवेल. हौसेनं बांधून घेणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहतच नाही. फोटो नाहीत, बिलं नाहीत, बांधणारा मिस्त्री कोण ते आठवत नाही, आणि उत्तर ‘नंतर लावलं, मजबुतीसाठी’ असं आलं, तर किंमत कितीही कमी असो, माझ्या मते सोडून द्या. फुकट दिली तरी सोडून द्या. आम्ही आमची विकायला काढली तेव्हा भंगारवाल्यानं फक्त इंजिन नेलं. बाकीची उचलायचे पैसे आम्हीच दिले.

ट्रॉलर यॉट हा प्रकार हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन यार्डानं ‘ग्रँड बँक्स’ या नावानं १९६० च्या दशकात लोकप्रिय केला. सुरुवातीच्या त्या बोटी लाकडाच्याच, फळ्यांच्या. ज्यांचा लाकडात एवढा हात बसलेला होता, त्या लोकांनीही १९७३ साली लाकूड सोडून सरळ फायबर धरलं. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

नाव ट्रॉलर असलं तरी जाळी-बिळी काही नसतं. मच्छीमार बोटीसारखं जड, गोल, पाणी कापत जाणारं अंग आणि त्यात राहायची सोय. ही बोट पळत नाही, आणि पळवायचीही नसते. पाण्यातल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ नं गुणा, तो तिचा नॉटमधला कमाल वेग. पाण्यात ३४ फूट असेल तर पावणेआठ नॉट, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. त्यापुढे इंजिन कितीही पिळा, फक्त डिझेल जळतं आणि मागे लाट उभी राहते. सहा-सात नॉटला मात्र ती ताशी सहा ते आठ लिटरमध्ये भागवते. रत्नागिरी ते मालवण समुद्रानं साधारण ५५ ते ६० नॉटिकल मैल, म्हणजे शंभर-एकशेदहा किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपार टळल्यावर पोचाल. घाई नसलेल्या माणसासाठी ही बोट आहे, आणि निवृत्त माणसाला घाई नसावी असं मी धरून चालतो.

इंजिनाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण इंजिन बदलता येतं, अंग बदलता येत नाही. थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा (तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर त्याचं कारण विचारा), मग समुद्रात नेऊन दहा-पंधरा मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. लेलँडचं इंजिन असेल तर आनंद माना. रत्नागिरीच्या मिरकरवाडा मच्छीमार बंदरात ते उघडणारे दहा हात मिळतील. परदेशी जुनं इंजिन असेल तर एका पंपासाठी बोट हंगामभर बांधून राहू शकते. डिझेलच्या टाक्या कशाच्या आहेत आणि इंजिन न हलवता बाहेर निघतात का, तेवढं बघा.

ऑर्डरच्या बोटीचा दुसरा धोका वजनाचा. मूळ मालकानं हौसेनं बांधली, पुढच्यानं वर आणखी एक मजला चढवला, तिसऱ्यानं त्यावर पाण्याची टाकी ठेवली. नकाशे नसतातच. पुरात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीची आठवण असलेल्या आम्हा सांगलीकरांना बोट कलंडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एक ढोबळ चाचणी आहे: धक्क्याला दोर ढिले सोडून, दोघांनी एका कडेवर लयीत दाब देत बोट डोलवायची आणि सोडायची. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला लागणारे सेकंद मोजा. ते बोटीच्या रुंदीच्या मीटरएवढे असावेत, चार मीटरला चारेक सेकंद. सहा-सात सेकंद लागले, आणि झोपाळ्यासारखं सुखद वाटलं, तर ती सुखद नाही, वर जड आहे.

कागदपत्रांत नोंदणी कुणाच्या नावावर, इंजिन नंबर जुळतो का, सर्व्हे कधीचा आणि विमा कंपनी या वयाच्या लाकडी बोटीला विमा देते का, हे टोकन देण्याआधी विचारा. नोंदणीचं काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात. पैसे देऊन स्वतंत्र सर्व्हेअर आणाच, पण मालकानं सुचवलेला नको.

आणि साताऱ्याचा माणूस म्हणून एक हिशेब मांडा. बोट तिकडे, तुम्ही इकडे, मधे घाट. जून ते ऑगस्ट ती खाडीत किंवा वर ओढून शाकारलेली. उरलेल्या नऊ महिन्यांत किती शनिवार-रविवार तुम्ही खरंच उतरणार? आम्ही पहिल्या वर्षी अकरा वेळा गेलो आणि त्यांतले सात दिवस ग्राइंडर हातात होता. खाली विश्वासू तांडेल (बोट चालवणारा, सांभाळणारा माणूस) किंवा घरचं माणूस नसेल तर बोट ठेवू नका. तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप एका रात्रीत बंद पडतो आणि ते कळायला तुम्हाला फोन यावा लागतो.

आत्ता लगेच बघायला जाऊ नका. मार्चमध्ये सगळ्याच बोटी कोरड्या असतात. जुलैत जा, तीन-चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, आणि केबिनमधल्या गाद्या उचलून खालच्या फळीला हाताचा तळवा लावा. कुंभार्लीत तेव्हा धुकं असतं, पाटण सकाळी सातच्या आत सोडा.