समुद्रात जीव वाचवणाऱ्याला कोणतं पदक मिळतं?

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकूंचा प्रश्न आहे: मुलगा व्यापारी जहाजावर आहे, त्यांनी बुडणारे मच्छीमार वाचवले, तर पदकासाठी अर्ज कुठे करायचा?

काकू, आधी मुलाची दृष्ट काढा! मीही मांडवीजवळच राहतो आणि माझा भाऊ जहाजावर आहे, त्यामुळे तुमच्या जिवाची घालमेल मला कळते.

सर्वांत मोठा मान आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा. समुद्रातल्या असामान्य शौर्याचं हे पदक 2007 पासून देतात. थेट अर्ज चालत नाही, नाव सदस्य देशाने किंवा मान्यताप्राप्त संघटनेने पाठवायचं असतं. म्हणून मुलाने आधी कॅप्टन आणि कंपनीशी बोलावं.

हे पदक मिळवणारी पहिली स्त्री आपल्या देशातली, कॅप्टन राधिका मेनन. जून 2015 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यापुढे 'दुर्गाम्मा' ही होडी इंजिन बंद पडून भरकटत होती. सात जण, अन्नपाणी वाहून गेलेलं, शीतपेटीतला बर्फ चघळून दिवस काढलेले. खवळलेल्या समुद्रात मेनन यांचं 'संपूर्ण स्वराज्य' हे अवाढव्य तेलवाहू टँकर त्या होडीजवळ न्यायचं! दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यांदा शिडीवरून सातही जण वर आले. वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आपल्याकडे 1961 पासून जीवन रक्षा पदकंही आहेत: सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक. बुडणाऱ्याला वाचवणं त्यात बसतं. जहाजाच्या लॉगबुकातल्या नोंदीची प्रत मात्र आजच मागून ठेवा.