टी-32, जे-1 आणि गुडघ्यातलं पाणी

तुझा प्रश्न असा: पुण्यात एमडी पेडियाट्रिक्स संपत आलंय, लहान मुलांच्या संधिवातावर संशोधन करायचंय. अमेरिकेत 'टी-32' या ट्रेनिंग ग्रँटवर थेट येता येईल का? की मोठ्यांचं रुमॅटॉलॉजी धरलं तर लवकर आटपेल?

थेट नाही, आणि टी-32 वर तर नाहीच. तो पैसा एनआयएचचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचा; आपल्या विषयात बहुतेकदा त्यातल्या एनआयएएमएस या सांधे-स्नायू-त्वचारोगांच्या विभागाचा. मिळतो फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. मीही ती अट वाचली नव्हती. इंटरव्ह्यूत उत्साहाने 'मला तुमच्या टी-32 मध्ये यायचंय' म्हणाले, तर समोरच्या बाईंनी इतक्या मायेने पाहिलं की आठवलं तरी कान तापतात.

लवकर आटपण्याचं म्हणशील, तर तुझं एमडी धरून चालू नकोस. यूएसएमएलई ही इथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण, साधारणपणे पुन्हा 3 वर्षं करावी लागते. पुढे मुलांच्या रुमॅटॉलॉजीची फेलोशिप, म्हणजे त्या विषयाचं खास प्रशिक्षण, 3 वर्षं. मोठ्यांची 2, पण संशोधनात राहायचं तर तिसरं वर्ष धरावंच लागतं. म्हणजे दोन्हीकडे 6. त्यात मोठ्यांकडे जायचं तर इंटर्नल मेडिसिनची पाटी पुन्हा कोरी. मुलांच्या रुमॅटॉलॉजीच्या जागा इथे दरवर्षी रिकाम्या राहतात, त्यामुळे तुझी खरी लढाई रेसिडेन्सीची आहे.

घोडं अडतं ते व्हिसावर. बहुतेक जण जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसावर येतात. त्यावर ट्रेनिंगची कमाल मर्यादा 7 वर्षं. तुझी 6 गेली की हातात एक उरतं. मग 2 वर्षं भारतात परत, नाहीतर वेव्हर, म्हणजे परत जाण्याच्या अटीतून सूट: डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात 3 वर्षं पूर्णवेळ रुग्णसेवा. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा 30 जागा, त्यातल्या 10 टंचाईच्या भागाबाहेरही देता येतात. मोठ्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये राहायचं तर त्या 10 कडे डोळे लावायचे. एरवी नेमक्या ज्या वर्षांत स्वतःची लॅब उभी राहायची, ती वर्षं ओपीडीत जातात. के-23, के-08 या नव्या डॉक्टर-संशोधकांसाठीच्या एनआयएचच्या पुढच्या ग्रँटनाही नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. स्वतंत्र संशोधनाकडे नेणाऱ्या के-99 ला लागत नाही, स्वतंत्र संशोधकाच्या आर-01 लाही नाही. ही दोन नावं भिंतीवर लिहून ठेव.

म्हणून फेलोशिपच्या प्रोग्रॅमला पहिला प्रश्न विचार: 'जे-1 वरच्या फेलोचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा पगार कुठून येतो?' विभागाच्या खिशातून येत असेल तर ते लगेच सांगतात. 'बघू, काहीतरी करू' म्हणाले तर नमस्कार करून पुढे हो. मी पहिल्यांदा जिथे होते तिथे 75 टक्के वेळ संशोधनाला राखून ठेवू म्हणाले होते. पत्रात लिहून घेतलं नाही. कोणी रजेवर गेलं की माझा मंगळवार गेला, मग गुरुवार.

आणि हे काम आवडतं का, ते आधी तपासून घे. सकाळी आठला सहा वर्षांची मुलगी येते. उठल्यावर तासभर गुडघा वळत नाही, ऑक्टोबरपासून लंगडतेय. गुडघ्यातून पाणी काढलं. निरोगी सांध्याचं पाणी सुईच्या टोकावरून पाकासारखं तारेने ओघळतं. हिचं पिवळट, गढूळ, टपटप पडणारं. आईने संशोधनाच्या संमतीपत्रावर सही करेपर्यंत माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे, कारण पेशी ताज्या असतानाच वेगळ्या करायच्या असतात. ते झालं की दुपार सेंट्रिफ्यूजपाशी. जेवण चारला.

सध्या तिथे बसून काय करशील? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये कॉपकॉर्ड या सांधेदुखीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचं सर्वेक्षण झालं, चार हजारांवर प्रौढांना घरोघर जाऊन सांधेदुखी विचारली. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांचं काम. इथल्या एका प्राध्यापकांना पुणे नीट ठाऊक नव्हतं, भिगवण ठाऊक होतं! तुझ्या वॉर्डात सुजलेल्या सांध्याची मुलं येतच असतील. पहिलं लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंत किती महिने गेले, मध्ये किती डॉक्टर झाले, एवढंच एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन नीट नोंदव. लॅब लागत नाही, आणि मुलाखतीत बोलायला स्वतःचं काहीतरी असतं.

प्रोग्रॅमना मेल लिहिलीस की पाठवण्याआधी मला दाखव. 'रिस्पेक्टेड सर' काढून टाक. ज्यांना लिहिते आहेस त्यातल्या निम्म्या बायका आहेत.