विचारायला तिथे कोणी नसतं

तुमचा प्रश्न वाचला. जर्मनीतून नोकरीची ऑफर आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे, घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "आजवर कुठलाच मोठा निर्णय मी एकटीने घेतलेला नाही, मला जमेल का?" व्हिसा, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना), पगाराची अट यांवर मी काही लिहीत नाही. ते वकिलातीच्या संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे. मी लिहायला बसले ते तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे. इथे जर्मनीत आले तेव्हा माझ्याही मनात तेच होतं, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही.

जायचं की नाही हा निर्णय तुम्हाला आत्ता वाटतो तेवढा एकटीचा नसतो. त्यात नवरा असतो, आईवडील असतात, सासूसासरे असतात, ऑफिसातले लोक असतात. एकटीने घ्यायचे निर्णय इथे आल्यावर सुरू होतात. समोर कारकून बसलेला असतो, कागद पुढे केलेला असतो, आणि फोन करून विचारलं तरी घरच्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

धाकटा इथे जन्मला तेव्हाचं सांगते. जन्मनोंदणीसाठी आमचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले मागितले. आमच्याकडे अपॉस्टिल केलेले, म्हणजे परदेशात खरे मानले जावेत म्हणून सरकारी शिक्का घेतलेले, दाखले होते. ते चालत नाहीत म्हणाले. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या हेग करारात आला, पण जर्मनीने भारतापुरता आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे या दोन देशांत तो लागू होत नाही. मग दाखल्यांची शहानिशा जर्मन वकिलातीमार्फत भारतात व्हायची. त्यात महिने जातात. तोवर बाळाच्या नोंदीचा जो कागद हातात आला, त्यावर आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा होता. बाळ मांडीवर झोपलं होतं, आणि त्याची आई कोण हे अजून ठरायचं आहे असं लिहिलेला कागद माझ्या हातात होता. मी आजही तो विसरलेले नाही. नवरा म्हणाला, वाद नको, थांबू. मी थांबायचं नाही असं ठरवलं. नेमकं काय राहिलंय ते लेखी द्या, असं पत्र मी स्वतः जर्मनमध्ये लिहिलं. भाषा मोडकीतोडकी होती, पण उत्तर आलं आणि पुढच्या कागदांची यादी मिळाली. तेव्हापासून नकार मिळाला की मी तो लेखी मागते. तुम्हीही मागा. तोंडी "नाही"पुढे काही करता येत नाही, लेखी नकाराला उत्तर देता येतं.

शाळेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा मुलगा इथे तिसरीत बसेल आणि तुमच्या हातात वेळ फार थोडा असेल. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाच्या वाटेवर नेणारं गिम्नाझियम, मधल्या पातळीची रेआलशुले, किंवा सगळ्या मुलांना एकत्र ठेवणारी गेझाम्टशुले. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, म्हणजे तिथे दोन वर्षं जास्त मिळतात. बव्हेरियात गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांत मिळून २.३३ किंवा त्याहून चांगली सरासरी लागते (इथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट). नवीन भाषा शिकणाऱ्या मुलाला ते किती जड जाईल, याचा विचार करा. आम्ही राहतो त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात शिक्षकांची शिफारस बंधनकारक नाही. शेवटचा शब्द आईवडिलांचा.

चौथीच्या सहामाही प्रगतिपुस्तकाबरोबर मोठीची शिफारस आली. गणितात ती वर्गात पुढे होती. शिफारस गेझाम्टशुलेची होती. शिक्षिका भेटीत म्हणाल्या, घरी जर्मन बोललं जात नाही, गिम्नाझियमचा अभ्यास घ्यायला घरी कोणी नसेल. माझ्याकडे पदव्युत्तर पदवी आहे, तिच्या बाबांकडेही आहे. मी मान डोलावली आणि बाहेर आले. घरच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. भांडा, हक्क आहे तुमचा, आपली मुलगी मागे का राहावी, असं सगळ्यांचं म्हणणं. हक्क होताच. एक सही केली असती की ती गिम्नाझियमला गेली असती. तिथे पाचवी-सहावी ही पारखण्याची वर्षं असतात, आणि नाही जमलं तर मूल दुसऱ्या शाळेत जातं. मी लेकीला विचारलं. तिची मैत्रीण गेझाम्टशुलेला जाणार होती, तिला तिथेच जायचं होतं. आबिटुर (विद्यापीठात जायला लागणारी शाळेची शेवटची परीक्षा) तिथूनही करता येतं. मी तिथला अर्ज भरला.

ती खुशीत आहे, शाळेत छान रमली आहे. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. तरी त्या बाईंचं वाक्य अजून टोचतं, आणि कधी रात्री प्रश्न पडतो की मी लेकीचं ऐकलं की बाईंचं. सासऱ्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण नातीचे मार्क विचारणंही बंद केलं. स्वतः निर्णय घेणं म्हणजे हेही आलं. निकाल चांगला लागला तरी कोणी पाठ थोपटत नाही, आणि मग आपलं आपल्यालाच पुरेसं मानावं लागतं. हे मला आधी जमत नव्हतं. आता बऱ्यापैकी जमतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त असतो. भाषेचा वर्ग लावा, घराबाहेर पडा, तो कमी होतो. त्यासाठी ऑफर नाकारू नका.

नागरिकत्व बदलायचं की नाही, हे मात्र एवढ्या झटपट सांगता येत नाही. २७ जून २०२४ पासून जर्मनी नागरिकत्व देताना जुनं सोडायला लावत नाही. भारताचा कायदा मात्र दुसरं घेतलं की पहिलं जातं असाच आहे. नवऱ्याने अर्ज केला. मी पात्र असूनही केलेला नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुला काय वाटतं? पूर्वी तिने कधी असं विचारलं नव्हतं, ती सरळ सांगायची. मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि या बाबतीत मी कोणालाही घाई करू देत नाही.

तुमची ऑफर कोणत्या राज्यातून आहे ते कळवा. होकार देण्याआधी तिथला चौथीचा नियम आपण एकदा नीट बघू.