सर्व्हायव्हल गेम सुरुवातीला झपाटून टाकतात आणि पुढे कंटाळवाणे का होतात?

आपण विचारले आहे की, जंगलात किंवा बर्फात एकट्याने तग धरण्याचे सर्व्हायव्हल गेम पहिले काही दिवस सोडवत नाहीत, पण निवारा उभा राहिला आणि अन्नाचा साठा झाला की पुन्हा उघडावेसेच वाटत नाहीत. यात दोष खेळणाऱ्याचा की गेमचा, आणि असे न होणारा एखादा गेम आहे का. माझ्या मते दोष गेमच्या रचनेत आहे आणि तो या प्रकाराच्या सर्वांत मोठ्या गुणाला चिकटलेला आहे.

तो गुण म्हणजे टंचाई. मी लातूरचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते आणि भांडी विसळलेले पाणी पुढे कशाला घ्यायचे, याचा हिशेब इथे घरोघरी चालत असे. टंचाईत साध्या वस्तूलाही मोल चढते आणि एरवी विचार न करता केलेली कृती निर्णय होऊन बसते. चांगला सर्व्हायव्हल गेम नेमके हेच साधतो, आणि माझ्या पाहण्यात दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या गेमला ते इतके चांगले साधलेले नाही.

कॅनडातील हिंटरलँड स्टुडिओचा ‘द लाँग डार्क’ घ्या. भूचुंबकीय वादळाने वीज आणि यंत्रे बंद पडलेल्या उत्तरेकडच्या ओसाड प्रदेशात आपण एकटे असतो. झाँबी नाहीत, राक्षस नाहीत, शत्रू आहे तो थंडी, भूक, तहान आणि थकवा. दिवस कललेला आहे, पाठीवर हरणाचे कच्चे मांस आहे, त्याच्या वासाने लांडगे माग काढू शकतात, आणि खिशात मोजक्याच काड्या आहेत. आग पेटवायची तर आधी आडोसा हवा, कारण वारा फिरला तर पेटलेली आगही विझते. सरपण किती तास पुरेल, तेवढ्यात बर्फ वितळवून त्याचे पाणी करायचे, ते उकळायचे आणि मांसही शिजवायचे, की आज मांस तसेच ठेवून पाण्याचीच सोय करायची? ओझे जास्त असताना उतारावरून घाईने उतरावे तर पाय मुरगळतो, आणि पाय मुरगळलेल्या माणसाला अंधाराच्या आत मुक्काम गाठता येत नाही. कथेविना नुसते तग धरण्याच्या सर्व्हायव्हल मोडची मूळ रचनाच अशी की मरण आले की सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुसली जाते, म्हणून हा सगळा विचार मनापासून करावा लागतो. एक काडी ओढताना हात थबकावा असे या गेमने माझ्या बाबतीत अनेकदा घडवले आहे, आणि त्यासाठी मला हा गेम मनापासून आवडतो.

अडचण अशी की टंचाई हाच खेळाचा प्राण असेल, तर टंचाईवर मात करणे म्हणजे खेळ संपवणे. आपण शिकत जातो तसे कष्ट कमी होतात, हे योग्यच आहे; पण शिकून झाल्यावर करायला काय उरते, याचे उत्तर बहुतेक गेमकडे नसते. याच गेममध्ये स्वयंपाकाचे कौशल्य पाचव्या पातळीवर पोहोचले की कुजलेले मांस शिजवून खाल्ले तरी विषबाधा होत नाही, आणि त्या दिवसापासून अन्नाची काळजीच संपते. भुकेचेही तसेच आहे. उपाशी राहिल्याने होणारी हानी दर तासाला अगदी थोडी असते आणि रात्री खाऊन झोपले की भरून निघते, हे ओळखून अनेक खेळाडू दिवसभर मुद्दाम उपाशी राहू लागले. त्यावर निर्मात्यांनी तोडगा काढला: सलग ७२ तास उपासमार होऊ न देणाऱ्याची तब्येत सुधारते आणि त्याला पाच किलो ओझे जास्त उचलता येते. तोडगा चांगला आहे, तरीही त्यातून एक गोष्ट दिसते, ती म्हणजे पडद्यावरची भूक पोटात लागत नसल्यामुळे ती आकड्यांची पट्टी होते, आणि पट्टी दिसली की माणूस तिच्यातल्या पळवाटा शोधतो.

दुसरी तक्रार मला अधिक जवळची आहे. हे गेम आपल्याला जमीन वाचायला फारसे शिकवत नाहीत. ते वस्तू बनवण्याच्या याद्या शिकवतात. अमुक लाकूड आणि तमुक दोरी एकत्र केली की कुऱ्हाड तयार, ओढ्याशी जाऊन बटण दाबले की पाणी तयार. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात झिरा काढतात. वाळू कुठे ओलसर लागते ते पायाने आणि हाताने चाचपून जागा ठरवायची, कड ढासळणार नाही इतका उतार ठेवत खड्डा खणायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, मग निवळ पाणी झिरपेपर्यंत थांबायचे आणि ते तळाशी वाटी टेकवून, वाळू न ढवळता, घागरीत भरायचे. यात जागेची पारख आहे, हाताचे कसब आहे, वाट पाहणे आहे आणि जागा चुकली तर गेलेले श्रमही आहेत. गेमला लागणारे सगळे त्यात असताना अशा कामाची एका बटणावर बोळवण झालेली पाहिली की मला खरोखर वाईट वाटते. लांडग्यांचेही तसेच. माळरानावर मेंढरे राखणाऱ्या कोणत्याही धनगराला विचारा. लांडग्याची नजर मेंढरावर असते आणि माणसाला तो टाळतो. गेममधला लांडगा मात्र सहसा माणूस दिसला की अंगावर येतो.

या बाबतीत पोलंडच्या क्रीपी जार या कंपनीचा २०१९ सालचा ‘ग्रीन हेल’ पुष्कळ पुढे गेलेला आहे. ॲमेझॉनच्या जंगलात आपल्याला स्वतःचे हातपाय वळवून वळवून पाहावे लागतात, कारण जळू कुठे चिकटली आहे हे दुसरे कोणी सांगत नाही. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो, जखम चिघळली तर तिच्यावर अळ्या सोडाव्या लागतात, आणि नारळाच्या करवंटीत धरलेले पावसाचे पाणी डबक्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. इथे ज्ञानच हत्यार होते.

व्यवहारातल्या दोन अडचणीही सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि ‘द लाँग डार्क’ मुख्यतः घरात शिरल्यावर, झोपल्यावर किंवा इजा झाल्यावर आपोआप सेव्ह होतो; इन्व्हर्टरशिवाय डेस्कटॉपवर खेळणाऱ्याची उघड्या मैदानातली मोठी वाटचाल त्यामुळे वाया जाते. दुसरे म्हणजे यांतले बरेच गेम अपूर्ण अवस्थेत विकले जातात. ‘द लाँग डार्क’ सप्टेंबर २०१४ मध्ये असाच आला, पूर्ण म्हणून १ ऑगस्ट २०१७ रोजी जाहीर झाला, आणि तरीही त्याच्या कथेचा चौथा भाग यायला ऑक्टोबर २०२१ उजाडले. ‘रस्ट’सारख्या अनेकांनी मिळून खेळायच्या गेमबद्दल एवढेच म्हणेन की, आपण झोपलेलो असताना दुसरे लोक आपला निवारा फोडून सामान नेतात, आणि नोकरी किंवा अभ्यास सांभाळून खेळणाऱ्याला ते परवडणारे नाही.

आता आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. मधला कंटाळा टाळण्याचे दोन मार्ग मला पटलेले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हॅलहाइम’ने उपासमारीची शिक्षाच काढून टाकली, पोट रिकामे राहिले म्हणून कोणी मरत नाही, पण चांगले खाल्ले तर ताकद आणि दम वाढतो, त्यामुळे स्वयंपाक ही कटकट न राहता मोहिमेची तयारी होते. जानेवारी २०१८ च्या, समुद्रात तग धरण्याच्या ‘सबनॉटिका’ने दुसरा मार्ग घेतला: तिथे खाण्यापिण्याची सोय झाली तरी समुद्र खाली खोलच जातो. सीमॉथ ही छोटी पाणबुडी सुधारणा केल्याशिवाय २०० मीटरच्या खाली टिकत नाही, आणि कथेचा माग तर त्याहून कितीतरी खोल जातो. म्हणजे एक टंचाई संपते तिथे दुसरी सुरू होते.

म्हणून आपण आधी ‘सबनॉटिका’ घ्यावा. एकांत आणि शिस्त आवडत असेल तर त्यानंतर ‘द लाँग डार्क’ घ्यावा आणि तो व्हॉयेजर या मध्यम काठिण्याच्या पातळीवर सुरू करावा. इंटरलोपर या फार कठीण पातळीवर बंदूक मिळत नाही आणि नवख्याला तिथे शिकायलाच उसंत राहत नाही. लॅपटॉप जुना असेल आणि साधी चित्रे चालणार असतील, तर १९९२ पासून आजतागायत घडत आलेला ‘अनरिअल वर्ल्ड’ हा फिनलंडचा गेम पाहावा. लोहयुगातील फिनलंडमध्ये मांस वाळवून, धुरी देऊन हिवाळ्याची बेगमी करायची असते, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या मोफत मिळतात.