फोडाफोडीच्या आधी अँगल कॉक बंद करा

बाथरूमची लादी फोडू नका. निदान हा आठवडा तरी नाही.

मला समजलं ते असं: पुण्यात वीस वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलात, कमोडमध्ये सतत बारीक धार चालू असते, खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, आणि एका प्लंबरने दारातूनच बघून 'सगळी लादी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, पस्तीस हजार' असं सांगितलंय. मी आमच्या सोसायटीत सहा वर्षं सेक्रेटरी होतो. त्या काळात लोकांच्या संडासांशी माझा जेवढा संबंध आला तेवढा नातेवाइकांशीही आला नसेल. तेव्हा सांगतो.

आधी धार. टाकीचं झाकण काढा (ते चिनी मातीचं असेल तर दोन्ही हातांनी, आणि सरळ जमिनीवर ठेवा, सिंकच्या कडेवर ठेवून फोडलेली दोन मी बघितली आहेत). पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीत वरून जात असेल तर फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता भाग) बिघडलाय किंवा त्याची उंची चुकलीय. तसं नसेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचं वॉशर गेलंय. वॉशरवर बोट फिरवून बघा. रबर सडलं असेल तर काजळासारखं काळं हाताला लागतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कडेला पांढरे क्षारही साचलेले दिसतील, त्यामुळे चांगलं वॉशरसुद्धा नीट बसत नाही. हा भाग स्वस्त आहे, पण दुर्लक्ष महाग पडतं. मिनिटाला फक्त १०० मिली गळती धरली तरी दिवसाला १४४ लिटर होतात आणि महिन्याला ४,३०० लिटरच्या वर. दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा, नुसता कमोडमधून!

आता ओल. धारेचं पाणी खरं तर पाइपातून सरळ खाली जायला हवं, त्याचा काकूंना त्रास व्हायचं कारण नाही. पण कमोड जिथे ड्रेनेज पाइपाला जोडलाय तो सांधा जुन्या कामांत बऱ्याचदा व्हाइट सिमेंटने भरलेला असतो. त्याला चीर गेली की प्रत्येक फ्लशला थोडं पाणी बाहेर, आणि वर अशी अखंड धार असेल तर चोवीस तास बाहेर. आमच्या घरी हेच झालं होतं. पहिल्या माणसाने नहाणीची लादी फोडली, कोबा (लादीखालचा सिमेंटचा थर) काढला, संकनमध्ये (लादीखालच्या खोलगट भरावात) पाणी सापडलं म्हणून विजयी मुद्रेने दाखवलं, सगळं परत भरलं. दोन महिन्यांनी खाली पुन्हा पोपडे. दुसऱ्याने कमोडच्या मागे वर्तमानपत्राचा सुका कागद ठेवला, एकदा फ्लश केला आणि ओला कागद माझ्या हातात दिला. सांधा खरवडून रबरी कनेक्टर बसवला, तासाभरात काम झालं.

म्हणून क्रम असा ठेवा. टाकीचा अँगल कॉक (टाकीत येणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा आणि आठवडाभर बादलीने पाणी ओता. ओतताना मागे सुका कागद ठेवा. कागद कोरडा राहिला आणि खालची ओलही हळूहळू कमी झाली, तर दोष टाकीकडे येणाऱ्या पाण्याचा, बहुधा कनेक्शन पाइपाचा. कागद भिजला तर सांधा. कागद कोरडा राहूनही ओल कमी होत नसेल तर नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायचं जाळीचं भोक) फडक्याने आणि प्लॅस्टिकने गच्च बंद करून फरशीवर दोन इंच पाणी साठवा आणि एक दिवस बघा. त्यातून खाली ठिबकलं तरच लादी फोडायची भाषा. एक लक्षात ठेवा, भिजलेला स्लॅब सुकायला आठवडे घेतो. काकूंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या रोज सकाळी जिन्यात गाठतील. खर्च सोसायटीवर ढकलायचा विचार असेल तर तोही सोडा. आपल्याकडच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक वगैरेंची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. सामाईक ड्रेनेज लाइन मात्र सोसायटीची.

प्लंबर कसा शोधायचा, तर ॲपवर नको. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी साडेआठला जा. त्या वेळी ही मंडळी माल घ्यायला तिथेच असतात, दहानंतर साइटवर जातात आणि फोन उचलत नाहीत. तुमच्या इमारतीत आधी काम केलेला मिळाला तर उत्तम, कारण डक्टमधली (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या बोळातली) कुठली लाइन कुणाची हे त्याला तोंडपाठ असतं. फोनवर 'लीकेज आहे' एवढंच सांगू नका. टाकीच्या आतला फोटो आणि धारेचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे तो वॉशर खिशात घेऊनच येईल. मजुरी आणि माल वेगवेगळा ठरवा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. 'एवढं करून पाणी थांबलं नाही तर?' हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारा. खरा कारागीर यावर चिडत नाही, 'आधी बघतो, मग बोलतो' म्हणतो. काम झाल्यावर समोर तीन-चार वेळा फ्लश करून बघा आणि पैसे लगेच द्या. पन्नास रुपयांसाठी घासाघीस केलीत तर पुढच्या वेळी रविवारी रात्री संडास तुंबल्यावर तो येणार नाही.

टाकी भिंतीत लपवलेली असेल तर मात्र कंपनीचाच माणूस बोलवा. आतले भाग फ्लशच्या प्लेटमागून निघतात. हे माहीत नसलेला माणूस टाइल फोडतो.

तुंबण्याबद्दलही विचारलंत. ॲसिड ओतू नका. ते सिमेंटचे सांधे खातं, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी प्लंजर (दांड्याचा रबरी पंप) मारा. फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज येत असेल तर चोकअप बहुधा पुढच्या लाइनमध्ये किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. तिथे तुमच्या घरात स्प्रिंग (पाइपात घालून चोकअप काढायची लांब तार) मारून काही होणार नाही, सोसायटीला सांगा. गावाकडच्या घराला सेप्टिक टँक असेल तर त्यात माणूस उतरवू नका, कुणी स्वतःहून तयार झाला तरीही. आतल्या वायूने माणसं मरतात, आणि संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी मागवा.

आणि अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, हातात येईल. गच्चीवरून येणाऱ्या तुमच्या लाइनचा कॉक कुठे आहे ते आधी वॉचमनला विचारून ठेवा. रंग आज रात्री टाकून बघा, काय दिसलं ते सांगा, मग पस्तीस हजारांचं बोलू.